फुलाबाईचं पाणी

रविवारी सकाळी आमच्या घरात मिक्सर लावायचा नाही, असा ह्यांचा हुकूम होता. टीव्ही बंद, कुकर बंद, मोरीत कपडे आपटायचे नाहीत. नऊच्या सुमारास हे पुढच्या खोलीत त्या काचेच्या पेटीसमोर स्टूल टाकून बसायचे. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात चष्मा. आणि अंदमानहून फोन यायचा.

"हं, बोल विराज."

तिकडून काय विचारलं जायचं ते मला पाठ होतं. कशी आहे ती?

"मस्त आहे. पूर्ण उघडलीय. काल कोळंबीचा तुकडा दिला, लगेच घेतला. खारटपणा? सकाळीच बघितला, बरोबर आहे. मासे काय, तिच्याच कुशीत लोळतायत."

दोन-तीन मिनिटं हे असलं बोलणं, मग फोन माझ्याकडे, मग आत्याबाईंकडे. म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाईच म्हणायची. आम्हाला तो गुडघे कसे आहेत, जेवलात का, एवढं विचारायचा. बापाची तब्येत त्यानं कधी विचारली नाही आणि बापानंही त्याची विचारली नाही. दोघं बोलायचे ते फक्त त्या समुद्रफुलाबद्दल. पण बोलायचे ना! मला तेवढं पुरे होतं.

समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे हो, जिवंत प्राणी. खडकाला बूड चिकटवून बसतो आणि शेकडो मऊ बोटं पाण्यात हलवत राहतो. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे त्या बोटांत घर करून राहतात. कॉलेजात असताना विराजनं पुण्याच्या एका दुकानातून ते आणलं, तेव्हा बशीएवढं होतं. पुढं परातीएवढं झालं. कृष्णा-कोयनेचं गोड पाणी उशाला असलेलं आमचं कराड, आणि हा पोरगा घरात मीठ कालवून समुद्र करतोय! मी कपाळावर हात मारून घेतला होता. आत्याबाईंना मात्र ते फार आवडलं. त्यांनी लगेच नाव ठेवलं, फुलाबाई.

"आजी, ही म्हातारी होऊन मरत नाही बरं का," विराज त्यांना सांगायचा. "कुणी मारलं तरच मरते."

"मग माझ्या पाठीमागं तुला ही हाय म्हणायची," आत्याबाई म्हणायच्या.

विराज घर सोडून गेला तो बॅटरीपायी. आमचं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान. एका रात्री चार्जर चालू राहिला, सकाळी बॅटरी तापून फुटली आणि आमच्या बापू कामगाराच्या हातावर ॲसिड उडालं. आदल्या संध्याकाळी दुकान विराजनं बंद केलं होतं. तो म्हणाला, "पप्पा, मी बंद केला होता. त्याचं बटण अडकतंय, दाबलं तरी आत चालूच राहतं." ह्यांनी गिऱ्हाइकांच्या देखत त्याच्या कानाखाली वाजवली आणि म्हणाले, "आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारतोस? लाज वाटत नाही? हे असलं आमच्या घराण्यात चालत नाही."

पोरगा चोवीस वर्षांचा.  घरी आला, बॅग भरली, माझ्या आणि आजीच्या पाया पडला आणि गेला. अंदमानात पाण्याखाली पोहायला शिकवणारं कसलंसं केंद्र होतं, तिथं त्याचा मित्र होता. मी रडून रडून घसा बसवला. हे म्हणाले, "जाऊ दे. चार दिवसांत येईल. आणि ती पेटी द्या कुणाला तरी देऊन."

दुसऱ्या दिवशी दुपारी हे दुकान सोडून घरी आले. पेटीसमोर उभे राहिले. फुलाबाई जरा आक्रसल्यासारखी दिसत होती.  मग माझ्याच देखत त्यांनी फोन लावला. कानाखाली वाजवल्यानंतर बापलेकांमधलं पहिलं वाक्य हे होतं: "हिला खायला काय देऊ?"

विराजनं सांगितलं. काय द्यायचं, काय नाही, दिवे किती वेळ. रोज जेवढं पाणी आटतं तेवढं फिल्टरचं घालायचं, नळाचं नाही. माशांचं कुठलंही औषध घालायचं नाही, त्यात तांबं असतं, आणि तांबं म्हणजे तिला विष. हे सगळं ह्यांनी शाळेतल्या पोरासारखं पाठ केलं. ज्या माणसाला घरात मीठ कुठल्या डब्यात आहे ते माहीत नव्हतं, तो आता रोज सकाळी मिठाचं पाणी मोजत होता. दुकानातल्या चांगल्या चार बॅटऱ्या आणून पेटीला जोडल्या. गावात वीज गेली की आम्ही घामानं निथळायचो आणि फुलाबाईचा पंप गुरगुरत असायचा. मी चिडवायची, "आम्हाला पंखा नाही आणि सवतीला वारा!" तर हसायचे. हसायचे हो हे तेव्हा.

आणि एक गोष्ट झाली. तोच चार्जर पुढं ह्यांच्या हातून बंद झाला आणि बंद झालाच नाही. बटण दाबलं, दिवा विझला, आत मात्र चालू. हात लावला तर गरम. त्या दिवशी हे घरी आले, जेवले नाहीत. म्हणाले, "पोरगा खरं बोलत होता गं."

"मग सांगा त्याला. आत्ता लावा फोन."

"फोनवर नाही. चारचौघांत मारलंय त्याला. समोर येऊ दे, बापूच्या देखत सांगेन."

तेव्हापासून हे त्याच्या येण्याची वाट बघत होते आणि ये म्हणायचं धाडस होत नव्हतं. मग ऐन आषाढात एका रविवारी विराज आपणहून म्हणाला, "दिवाळीला येतोय. तिला बघायला."

"ये," हे म्हणाले. एवढंच. फोन माझ्या हातात दिला आणि मागच्या दारी जाऊन उभे राहिले. आत्याबाईंनी देवाला साखर ठेवली. मला तर काय करू आणि काय नको असं झालं, दिवाळीला चार महिने होते आणि मी करंज्यांचं सारण कुठलं करायचं याचा विचार करायला लागले.

श्रावण सरताना पहिल्यांदा गोगलगाई मेल्या. पेटीत काच साफ करणाऱ्या बारक्या गोगलगाई असतात, त्या एकेक करून तळाशी पडल्या. हे म्हणाले, उकाडा झालाय. मग फुलाबाई नीट उघडेना. तशी ती अधूनमधून मिटायची, पोटातली घाण टाकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलायची. पण आता मिटली की मिटलेलीच. बोटं बारीक झाली. दिलेली कोळंबी सोडून द्यायची. ह्यांनी अर्धं पाणी बदललं, दिवे कमी केले, पंप खोलून धुतला. रविवारी फोनवर म्हणाले, "जरा सुस्त आहे."

"सुस्त म्हणजे? तोंड मिटलेलं आहे ना?"

"मिटलेलं आहे," हे म्हणाले. तोंड मिटत नव्हतं. मी बाजूलाच उभी होते.

"आज उघडली का रे?" आत्याबाई रोज विचारायच्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पेटीतलं त्यांना नुसतं रंगीत धूसर दिसायचं. मासे नारिंगी, एवढं कळायचं.

"उघडेल आई."

"उघडंल. पोरगा यायचाय म्हणल्यावर उघडंलच."

शेवटी ह्यांनी पेटीतलं पाणी बाटलीत भरून पुण्याच्या त्या दुकानदाराकडे पाठवलं. त्याचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. ह्यांनी स्पीकर लावला. तो म्हणाला, "साहेब, पाण्यात तांबं आहे. थोडंथोडकं नाही, बरंच आहे. कुठून येतंय ते शोधा, नाहीतर ती जाईल."

ताटावरून उठले हे. पंप खोलला, वायरी तपासल्या, नळ्या बदलल्या, दिव्याचे स्क्रूसुद्धा काढून बघितले. फिल्टर खोलायला माणूस बोलावला. तांब्याची तार म्हणून कुठं नव्हती. दोन दिवस हे वेड्यासारखे करत होते. "कुठून येतंय? कुठून?" जेवायला वाढलं तरी तेच.

तिसऱ्या दिवशी पहाटे मला लवकर जाग आली. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज आला म्हणून गेले. फुलाबाईच्या पाण्याचा पांढरा जग ओट्यावर असायचा. हे आदल्या संध्याकाळी फिल्टरनं भरून ठेवायचे आणि सकाळी पेटीत ओतायचे. आत्याबाई ओट्याशी उभ्या होत्या. आंघोळ झालेली, ओले केस, कपाळाला कुंकू. हातात देवघरातली तांब्याची कळशी. चिंच-मिठानं घासून लख्ख केलेली. त्या कळशीतलं पाणी त्या जगात ओतत होत्या.



"आत्याबाई, हे काय करताय?"

त्या दचकल्या. "गप गं पोरी. बोलू नगंस. नेम हाय माझा चातुर्मासाचा. सांगायचा नसतो."

"कसला नेम?"

"आता इचारलंसच. आषाढीपासनं धरलाय. पोरगा घरी यावा म्हणून." त्यांनी कळशी पुसली. "ह्यो माझा जयसिंगा ते फिल्टरचं पाणी घालतो. त्यात काय जीव असतो? मेलेलं पाणी ते. म्हणून मी काय करते, ह्यो सगळा जग संध्याकाळी कळशीत ओतून ठिवते. रातभर देवापुढं ऱ्हातं. पहाटे परत ह्यात. विराजला बारकेपणी कावीळ झालीवती तवा ह्याच कळशीचं पाणी पाजलं मी. ह्याच्यानंच उठला त्यो. तुझ्या आठवणीत हाय का न्हाई?"

आठवणीत होतं. विराजच्या त्या काविळीत मीच त्यांना म्हटलं होतं, आत्याबाई, तुमच्या पाण्यानं गुण आला.

"आणि आता आजारी हाय म्हणल्यावर," त्या म्हणाल्या, "चिंच जास्ती लावून घासते कळशी. गुण लवकर यावा."

 त्या बाईच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला त्यांचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. यातलं काहीच केलं नाही. ह्यांना जाऊन उठवलं.

हे पलंगावर बसून ऐकत राहिले. पाय खाली सोडलेले, चपलेत एकच पाय गेलेला. सगळं ऐकून विचारलं, "आईला काही बोललीस?"

"नाही."

"बोलू नको. कधीच बोलू नको."

त्या सकाळी ह्यांनी तो जग उचलला आणि मागच्या दारी कढीपत्त्याला ओतला. रोज तेच करायला लागले. आत्याबाई पहाटे जग भरायच्या, हे कढीपत्त्याला घालायचे. पेटीला लपवून दुसरं पाणी. पण फुलाबाईचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. दसऱ्याच्या आधी तिनं खडक सोडला. पंपाच्या धारेत हेलकावे खात कोपऱ्यात जाऊन पडली आणि घाण वास सुटला. तशीच राहिली असती तर मासेही गेले असते. ह्यांनी हातमोजे घातले, दोन्ही हातांत तिला उचललं. परातीएवढी होती ती, आता ओंजळीत मावली. बादलीत ठेवून मागं नेलं आणि कढीपत्त्याच्या शेजारी खड्डा केला.

आत्याबाईंनी विचारलं, "आज उघडली का?"

"हो आई. उघडलीय," हे म्हणाले.

ते दोन मासे दिवसभर तिच्या मोकळ्या खडकावर अंग घासत होते. मला ते बघवेना, मी पेटीवर टॉवेल टाकला. ह्यांनी काढला.

रविवारी फोन आला. मी मुद्दाम आत्याबाईंना मागच्या दारी लसूण सोलायला बसवलं होतं.

"कशी आहे ती?"

"विराज, ती गेली."

 "कशानं?"

हे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, सांगा, सांगा म्हणून. सांगा ना, त्याची आजी आहे ती, त्याला समजेल.

"तांबं गेलं पाण्यात. माझी चूक."

"तांबं? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी तुम्हाला."

"हो."

"मग गेलं कसं?"

"गेलं. माझं लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं." त्याचा आवाज बदलला. "खरं सांगा पप्पा, तुम्हाला ती कधी नकोच होती. मी यायच्या तोंडावरच मेली ती? मी दिवाळीला येणार नाही. कुणाला भेटायला येऊ?"

"विराज, ऐक, मला तुला चार्जरचं..."

फोन बंद झाला होता. हे मोबाईल कानाला लावून तसेच बसले होते. पुन्हा लावला, लागला नाही.

मी तोंडाला येईल ते बोलले त्या दिवशी. "कशाला स्वतःवर घेतलंत? म्हातारीला पुढं करायचं नव्हतं तर नुसतं म्हणायचं, कळत नाही कसं झालं! पोरगं घालवलंत तुम्ही माझं, दुसऱ्यांदा घालवलंत!"

"त्यानं उद्या आईला विचारलं असतं," हे म्हणाले. "तिला कळलं असतं की पोरगा यावा म्हणून तिनं जे केलं त्यानंच... ती जगली असती का गं?"

 पण मी आई आहे. दुपारी हे दुकानात गेल्यावर मी माझ्या फोनवरून विराजला लावला. दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं. कळशी, चिंच, नेम, कढीपत्ता. पप्पांनी मुद्दाम स्वतःवर घेतलं, तुझ्या आजीसाठी. सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं. म्हटलं, आता रडेल, म्हणेल आई मी येतो.

विराज शांतपणे म्हणाला, "आई, आजीला दिसत नाही नीट. तिच्यावर काय ढकलताय? आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारू नये. पप्पांनीच शिकवलंय मला. अख्ख्या दुकानासमोर शिकवलंय."

"अरे देवाशपथ खरं आहे रे!"

"मीही खरंच सांगत होतो, आई," तो म्हणाला. "मला काही दिवस फोन करू नका."

संध्याकाळी हे आले. माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "सांगितलंस ना त्याला?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

मी त्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. लपवून काय करायचं होतं? हे खुर्चीत बसले. हाताचा पंजा उघडून बघत राहिले, ज्या हातानं मारलं होतं तो. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

नंबर बंद झाला तो झालाच. मित्राकडून कळलं की ते केंद्र सोडून तो दुसऱ्या बेटावर गेला. वर्षातून एखादा मेसेज यायचा माझ्या फोनवर, 'मी बरा आहे.' आत्याबाई गेल्या तेव्हाही तेवढंच, 'आजीला नमस्कार.' ह्यांच्या फोनवर कधीच काही आलं नाही. बापूच्या देखत सांगायचं ते राहून गेलं. बापूला मात्र ह्यांनी सांगितलं. तो म्हणाला, मालक, मला ठाऊक होतं, बटण अडकायचं ते.

पण मला आठवतो तो त्याच वर्षीचा कार्तिकातला रविवार. दिवाळी होऊन गेली होती. करंज्या मी केल्या होत्या, शेजारी वाटून टाकल्या. आत्याबाईंना सांगितलं होतं, त्याला सुट्टी मिळाली नाही. आत्याबाईंचा नेम कार्तिकीपर्यंत होता, त्या पहाटे उठून जग भरतच होत्या, आणि आता हे ते पाणी कढीपत्त्याला घालत नव्हते. सरळ पेटीत ओतायचे. आता काय फरक पडत होता? पेटी उजळलेली, पंप चालू, ते दोन मासे खडकावर. नऊ वाजता हे स्टूल टाकून बसले. हातात मोबाईल, दुसऱ्या हातात चष्मा. साडेनऊ झाले. दहा वाजत आले. बसलेलेच.

मी स्वयंपाकघरात गेले, खोबरं-मिरची भांड्यात टाकली आणि मिक्सर लावला. घर दणाणलं. मला वाटलं ओरडतील, उठून येतील, बटण बंद करतील. मी तशीच भांडं दाबून धरून उभी होते, दाराकडे बघत. हे आले नाहीत. नुसता चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पेटीत बघत बसले.

आत्याबाई देवघरातून भिंतीला धरत धरत आल्या, माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

"बंद कर ते आधी! येडी का खुळी? पोराचा फोन यायचाय."

मी बंद केला.